हरिश्चंद्रगडावर इंद्रवज्र पाहणारा कर्नल साइक्स दख्खनच्या कोंबड्यांच्याही नोंदी ठेवत होता, त्या आज गावरान पाळणाऱ्यांच्या कामाच्या आहेत

पावसाळा आला की इन्स्टावर हरिश्चंद्रगडाचे रील्स सुरू होतात. कोकणकडा, ढग, वारा आणि नशीब असेल तर इंद्रवज्र. म्हणजे गोल इंद्रधनुष्य, ज्याच्या मधोमध आपलीच सावली दिसते. त्या रीलखाली कॅप्शनमध्ये एक नाव हमखास येतं, कर्नल साइक्स. १८३५ मध्ये त्याला कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसलं, असं आपण वर्षानुवर्षे फॉरवर्ड करत आलोय.

पण या माणसाबद्दल आपल्याला एवढंच माहिती असतं.

आता जरा चाकणला या. रविवारी सकाळी चिकनच्या दुकानासमोर लाइन लागलेली असते. एका बाजूला पांढरी ब्रॉयलर, दुसऱ्या बाजूला जाळीत रंगीत कोंबड्या आणि वर पाटी, गावरान मिळेल. भाव दुप्पट किंवा त्याहून जास्त. ती खरंच गावरान आहे का, हे ना घेणाऱ्याला माहिती असतं ना कित्येकदा विकणाऱ्याला.

कोकणकड्यावरचा साहेब आणि चाकणची कोंबडी यांचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. तर संबंध आहे. जवळपास २०० वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या कोंबड्यांकडे नीट बघून, मोजून त्यांच्याबद्दल लिहून ठेवणारा हा माणूस होता. रानातल्याही आणि घरातल्याही. त्यानं काय केलं आणि आपण काय करायचं राहून गेलं, तेच आज बघू.

१३-१४ वर्षांचा पोरगा सैन्यात आला

पूर्ण नाव विल्यम हेन्री साइक्स. जन्म २५ जानेवारी १७९०, इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये. आपल्याकडची पोरं आठवी-नववीत असतात त्या वयात हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाला. १८०५ च्या भरतपूरच्या वेढ्यात तो होता.

पुढे १८१७ साल उजाडलं. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, त्याच महिन्यात येरवड्याजवळ दुसरी. पेशवाईचा शेवट ज्या लढायांनी केला, त्या दोन्हींत साइक्स इंग्रजांच्या बाजूनं लढत होता. म्हणजे आज आपण ज्या खडकीवरून लोकलनं पिंपरी-चिंचवडला येतो, तिथं तो आधी शत्रूच्या सैन्यातला अधिकारी म्हणून आला होता. हे विसरून त्याची गोष्ट सांगता येणार नाही.

१८२० मध्ये तो सुट्टीवर युरोपात गेला. चार वर्षं फिरला. १८२४ मध्ये परत आला, तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. त्यानं साइक्सला एक वेगळंच काम दिलं. पद होतं मुंबई सरकारचा स्टॅटिस्टिकल रिपोर्टर. साध्या भाषेत सांगायचं तर, नव्यानं ताब्यात आलेल्या मुलखाची मोजदाद करणारा माणूस.

चार जिल्हे आणि एक वही

त्याच्याकडे चार मोठे जिल्हे आले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड. तेव्हाचे जिल्हे आजच्यापेक्षा कितीतरी मोठे होते. आजचं पिंपरी, चिंचवड, चाकण, खेड, मावळ, जुन्नर हे सगळं त्यात आलं.

काम काय, तर लोकसंख्या किती, जमीन कुणाच्या नावावर, मिरासदार कोण आणि उपरी कोण, बलुतेदारांना काय मिळतं, पिकं कुठली, पाऊस किती, हवेचा दाब किती हे सगळं बघून लिहायचं. कंपनीला त्यात रस होता कारण महसूल वसूल करायचा होता. पण साइक्सला त्याहून जास्त रस होता. दिसेल ते मोजायचं आणि लिहायचं हा त्याचा स्वभाव होता.

इंद्रवज्राची नोंदही यातलीच. कड्यावर उभं राहून खालच्या ढगात त्याला गोल इंद्रधनुष्य दिसलं आणि त्या गोलात स्वतःची, घोड्याची आणि सोबतच्या माणसांची सावली. ते त्यानं हवामानाच्या निबंधात लिहिलं. हा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १८३५ मध्ये छापून आला. आपण कॅप्शनमध्ये टाकतो ते १८३५ हे छपाईचं वर्ष आहे. साइक्स १८३१ मध्येच भारत सोडून गेला होता, त्यामुळे इंद्रवज्र त्यानं त्याआधी कधीतरी पाहिलं.

पुढच्या वेळी रील टाकाल तेव्हा एवढी दुरुस्ती करायला हरकत नाही.

१८२९ च्या डिसेंबरमध्ये सरकारनं खर्चकपात केली आणि साइक्सचं पदच रद्द केलं. काम अर्धवट होतं. कुणीही म्हटलं असतं, चला सुटलो. हा मात्र जानेवारी १८३१ पर्यंत त्या कामाचा पगार न घेता मोजदाद पूर्ण करत राहिला. मग अहवाल सरकारकडे दिले आणि इंग्लंडला गेला.

रानकोंबड्याच्या पोटात काय सापडलं

या सगळ्या फिरस्तीत त्यानं प्राणी-पक्ष्यांचीही यादी केली. १८३२ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीत त्यानं दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली. त्यात सव्वादोनशेहून जास्त पक्षी होते. आपल्या ओढ्याकाठी, तळ्याकाठी दिसणारा वंचक म्हणजे भुरा बगळा विज्ञानाला पहिल्यांदा त्यानं कळवला. माळावर तुरा घेऊन उडणाऱ्या एका चंडोलाला तर आजही साइक्सचंच नाव आहे. जंगलातल्या कोळसुंद्याची नोंद करताना त्यानं हे मराठी नावही सोबत लिहिलं.

या यादीत आपला रानकोंबडा आहे. सह्याद्रीत जो राखाडी रानकोंबडा दिसतो तो. चाकणहून भीमाशंकरकडे गेलं की आजही पहाटे त्याचं आरवणं कानावर येतं.

साइक्सनं त्याच्याबद्दल काय लिहिलं, तर घाटाच्या रानात हा भरपूर आहे. साधारण २,००० फुटांवरच्या दऱ्यांत सापडणारा अंगानं सडपातळ आणि पायांनी उंच. ४,००० फुटांच्या आसपास डोंगराच्या कडेनं जे रान आहे तिथला बुटक्या पायांचा, नराच्या पिसांत लाल रंग जास्त. त्यामुळे या दोन वेगळ्या जाती असाव्यात किंवा एकाच जातीचे दोन ठळक प्रकार, असं त्याचं मत झालं. आजचं शास्त्र सह्याद्रीत राखाडी रानकोंबड्याची एकच जात मानतं. म्हणजे वेगळ्या जातीचा त्याचा अंदाज टिकला नाही, पण त्यानं काय पाहिलं आणि किती उंचीवर पाहिलं हे आजही वाचता येतं.

अंड्यांबद्दलही त्यानं लिहिलं. रानकोंबडीची अंडी आकारानं आणि रंगानं घरच्या कोंबडीसारखीच, फक्त लहान. एक मादी त्यानं घरट्यावरच गोळी घालून मारली. आज वाचताना वाईट वाटतं, पण त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास असाच व्हायचा. तिच्याखाली फक्त तीन अंडी होती आणि उबवणं सुरू होऊन काही दिवस झालेले होते. त्यावरून त्यानं अंदाज बांधला की रानातली कोंबडी घरच्यापेक्षा खूप कमी अंड्यांवर बसते. बऱ्याच पक्ष्यांचं पोट फाडून पाहिलं तर आत एका गवताच्या दगडासारख्या कठीण बिया, दुसरं काही नाही.

घरी कोंबड्या पाळणाऱ्याला या नोंदीतली गंमत लगेच कळेल. आपली खुडूक कोंबडी १०-१२ अंडी आरामात उबवते. हजारो वर्षं माणसानं जास्त अंडी घालणारी आणि पिल्लं सांभाळणारी कोंबडी मागे ठेवली, त्याचा हा परिणाम.

दोन कोंबडे, एक कोंबडी आणि लंडनची थंडी

आता मुख्य गोष्ट. साइक्सच्या यादीत एक मोठा पाळीव कोंबडाही आहे. भारतातले युरोपियन लोक त्याला कुल्म म्हणायचे. झुंजीच्या मोठ्या असील कोंबड्यांमध्ये कुलंग नावाचा प्रकार आजही आहे, त्याच्याशी हे नाव बरंच जुळतं. हा पक्षी रानात सापडत नाही, फक्त घरात पाळलेलाच दिसतो, असं त्यानं स्पष्ट लिहिलं. तो मूळचा इथला नसावा, मुसलमानांनी सुमात्रा किंवा जावाहून आणला असावा, असा त्याचा तर्क होता.

त्यानं कोंबड्याची उंची मोजली. त्याच्याकडचा एक कोंबडा पायापासून डोक्यापर्यंत २६ इंच भरला, म्हणजे दोन फुटांपेक्षा जास्त. याहून उंचही असतात, असंही त्यानं नोंदवलं. कोंबडी नरापेक्षा एक तृतीयांशानं लहान. आवाज साध्या कोंबड्यासारखा खणखणीत नाही, सूरही कमी. आणि अस्सल पक्ष्याचा डोळा कसा, तर पांढरट किंवा फिकट पिवळसर.

हे शेवटचं वाचून असील पाळणाऱ्यांचे कान टवकारले असतील. आजही असील घेताना जाणकार आधी डोळा बघतात. मोत्यासारखा फिकट डोळा हवा, लालसर असेल तर मिसळ आहे असं म्हणतात. हे ज्ञान साइक्सचं नाही. इथल्या कोंबडा पाळणाऱ्यांचं हे जुनं माप, साइक्सनं कागदावर आणलं. ज्यांच्याकडून कळलं त्यांची नावं मात्र नोंदीत आली नाहीत.

परत जाताना त्यानं या जातीचे दोन कोंबडे आणि एक कोंबडी सोबत नेली. १८३१ च्या जूनमध्ये हे तिघं इंग्लंडला उतरले. दख्खनच्या उन्हातून थेट तिकडच्या हिवाळ्यात. पण १८३१-३२ ची थंडी त्यांनी व्यवस्थित काढली. कोंबडी भरपूर अंडी घालायला लागली आणि पिल्लांच्या दोन खेपा तिनं वाढवल्या.

तीन पक्ष्यांचा घरगुती कळप म्हणायचा तो. पण त्याची उंची, डोळा, आवाज, थंडीत काय झालं, अंडी, पिल्लं हे सगळं छापून आलं. तेही कोंबड्यांचा धंदा करणाऱ्या माणसाकडून नाही, तर महसुलाची आकडेवारी गोळा करणाऱ्याकडून.

एवढा मोठा कोंबडा आला कुठून, यावर भांडण

युरोपात तेव्हा एक वाद चालू होता. डच अभ्यासक टेमिंक यानं या प्रचंड कोंबड्याला गॅलस जायगँटियस असं वेगळं शास्त्रीय नाव दिलं होतं. त्याचं म्हणणं, इतका मोठा पक्षी म्हणजे त्याचा रानटी पूर्वज वेगळाच असणार.

१८६८ मध्ये चार्ल्स डार्विननं पाळीव प्राण्यांवरच्या ग्रंथात याचा निकाल लावला. त्याचं मत, जगातल्या सगळ्या पाळीव कोंबड्या लाल रानकोंबड्यापासून आल्या. लहान, मोठ्या, झुपकेदार, उघड्या मानेच्या, सगळ्या. आकाराचा फरक हा माणसानं पिढ्यानपिढ्या निवड केल्यामुळे. आपला सह्याद्रीतला राखाडी रानकोंबडा त्यानं पूर्वजांच्या यादीतून बाहेर काढला.

पण १४० वर्षांनी गोष्टीत ट्विस्ट आला. २००८ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांच्या टीमनं कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं कारण शोधलं. कोंबडी मका, हिरवा पाला खाते, त्यातला पिवळा रंग काही कोंबड्यांच्या कातडीत आणि पायात साठतो. ज्या जनुकामुळे हे होतं, त्याचा तो प्रकार लाल रानकोंबड्याकडून आलेला नाही. तो राखाडी रानकोंबड्याकडून आलाय.

राखाडी रानकोंबडा फक्त भारतातच सापडतो, मुख्यतः दक्षिण आणि पश्चिम भागात. म्हणजे जगभरात जितक्या पिवळ्या पायांच्या कोंबड्या आहेत, त्यांच्यात आपल्याकडच्या रानाचा एक छोटासा वाटा आहे. मुख्य पूर्वज लालच, तिथं डार्विन बरोबर होता. पण राखाडीला पूर्ण बाहेर काढणं चुकलं होतं.

दुकानात गावरान म्हणून पिवळ्या पायांची कोंबडी मागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. पिवळा पाय ब्रॉयलरलाही असतो. त्यावरून गावरान ओळखता येत नाही.

इथून गेला झुंजीचा कोंबडा, परत आली ब्रॉयलर

साइक्सचे ते तीन पक्षी पुढे कुठल्या वंशात मिसळले, असा दावा आपण करत नाही. पण त्याच शतकात भारतातून आणि पूर्वेकडून असे बरेच मोठे कोंबडे इंग्लंडला गेले. तिथल्या कॉर्नवॉल भागात लोकांनी असील, मलय आणि इंग्रजी झुंजीचा कोंबडा यांचा संकर केला. हेतू होता अजून भारी झुंजार पक्षी तयार करायचा. झालं उलटंच. नवा पक्षी झुंजीत मंद निघाला, पण छाती एवढी रुंद आणि मांस एवढं भरलेलं की खवय्ये खूश. त्याचं नाव पडलं इंडियन गेम. अमेरिकेत गेल्यावर नावातलं इंडियन गळालं आणि उरलं फक्त कॉर्निश.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उद्याची कोंबडी या नावाची देशव्यापी स्पर्धा झाली. सगळ्या स्पर्धकांची अंडी एकाच ठिकाणी उबवायची, पिल्लांना सारखंच खाद्य द्यायचं आणि ठरलेल्या दिवशी कापून मांसाचं वजन, छाती सगळं मोजायचं. १९४८ आणि १९५१ च्या अंतिम फेऱ्या जिंकल्या कॅलिफोर्नियाच्या व्हॅन्ट्रेस यांच्या पक्ष्यांनी. १९४८ चा त्यांचा विजेता पक्षी कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर या जातींचा संकर होता. पुढे ही व्हॅन्ट्रेस कंपनी कॉबसोबत एक झाली.

आणि कॉब हे नाव आपल्या भागातल्या पोल्ट्रीवाल्यांना पाठ आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. मुख्यालय पुण्यात. त्याच समूहानं कॉबचा वंश भारतात आणला आणि व्हेनकॉब नावानं ब्रॉयलर घराघरांत पोहोचली.

आता साखळी जोडून बघा. भारतातला असील कॉर्नवॉलला गेला, तिथून कॉर्निश म्हणून अमेरिकेला गेला, तिथं मोजमाप करून करून ब्रॉयलर झाला आणि पुण्यामार्गे चाकणच्या दुकानात परत आला. आज ती साधारण ४० दिवसांत दोन किलोच्या पुढे जाते. आपली गावरान दीड किलो व्हायला पाच-सहा महिने घेते.

फरक कशामुळे पडला? खाद्य, औषधं, पैसा हे सगळं आहेच. पण मुळाशी एक साधी गोष्ट आहे. तिकडे प्रत्येक पिढीत कुणीतरी वही घेऊन बसलं होतं. कुणाचं वजन किती, कुणाची पिल्लं किती जगली, पुढच्या पिढीसाठी कोण ठेवायचा, हे लिहिलेलं होतं. इकडे असीलवाल्यांनी वंश तोंडपाठ जपला, पण घरोघरच्या गावरान कोंबडीला तेही नशिबात नव्हतं.

चाकणच्या खुराड्यात साइक्सची वही

एमआयडीसी आली, शेतं गेली, पण चाकण, खेड, आळंदीकडच्या वाड्यांवर आजही घरामागे खुराडं असतंच. कुणी चार कोंबड्या ठेवतं, कुणी वीस. कंपनीत शिफ्ट करणारे कित्येक जण जोडधंदा म्हणून गावरान वाढवतात. मराठवाडा-विदर्भातून इथं आलेले लोक येताना गावाकडची जातही घेऊन येतात.

अडचण अशी की बाजारात गावरान म्हणून जे मिळतं त्यात गिरीराज, वनराज, कावेरी हे सुधारित पक्षीही खपवले जातात. ते वाईट नाहीत. लवकर वाढतात, अंडीही जास्त देतात. पण त्या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. घरच्या कळपात त्यांची मिसळ वाढली की दोन-तीन पिढ्यांनी अंड्यांवर बसणारी कोंबडीच उरत नाही. मग पिल्लांसाठी दरवेळी हॅचरीकडे जा.

दुसरी चूक तर आपण सगळेच करतो. आषाढात, गटारीच्या आधी गिऱ्हाईक दारात येतं आणि सगळ्यात मोठा, तुकतुकीत कोंबडा मागतं. भाव चांगला येतो, आपण देऊन टाकतो. मागे उरतो तो बारका, उशिरा वाढलेला. पुढच्या वर्षी तोच पिल्लांचा बाप होतो. म्हणजे दरवर्षी आपणच कळप बारीक करत जातो आणि मग म्हणतो, पूर्वीसारखी गावरान राहिली नाही.

यावर उपाय महाग नाही. साइक्सनं तीन पक्ष्यांचं केलं तेच करायचं.

पिल्लू कधी निघालं, कुठल्या कोंबडीचं, हे लिहा. ओळखीसाठी पायात रंगीत रिंग घाला, ती वाढीप्रमाणे सैल करा. ८, १२ आणि १६ आठवड्यांना वजन करा, साधा घरगुती काटा चालतो. किती अंड्यांवर बसवली, २१ दिवसांनी किती निघाली, महिन्याभरात किती जगली, तेही लिहा. चांगल्या वाढीचे दोन-तीन कोंबडे आधीच बाजूला काढा आणि भाव कितीही आला तरी ते विकू नका. तलंगा निवडताना जिची आई चांगली खुडूक बसते ती ठेवा.

साइक्सच्या कळपात एक धोका होता, तो आपल्याकडेही आहे. त्याच्याकडे कोंबडी एकच. म्हणजे सगळी पिल्लं एकाच आईची. अशा भावंडांतच पुढे जोड्या लागत गेल्या की अंडी फुकट जातात, पिल्लं अशक्त निघतात. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी लांबच्या गावातल्या ओळखीच्या माणसाशी कोंबडा बदलून घ्या. नवा पक्षी आणल्यावर दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, बहुतेक वेळा असाच घरात येतो आणि अख्खं खुराडं रिकामं करतो. लसीचं वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. भीमाशंकरच्या रानातून रानकोंबडा किंवा त्याची अंडी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो संरक्षित आहे. रानात जो आहे तो रानातच राहू द्यायचा.

शेवटी साइक्सचं काय झालं

इंग्लंडला गेल्यावर १८३३ मध्ये तो कर्नल म्हणून निवृत्त झाला. १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या स्थापनेत होता आणि पुढे तिचा अध्यक्षही झाला. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक, १८५६ मध्ये चेअरमन. १८५७ पासून मरेपर्यंत तो अ‍ॅबरडीनचा खासदार होता. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये तो वारला.

तो कंपनीचा माणूस होता आणि त्याची मोजदाद आधी कंपनीच्या कामाची होती. पण पद गेल्यावरही त्यानं वही मिटली नाही, म्हणून १८३० च्या आसपास घाटातल्या रानकोंबडीखाली किती अंडी होती आणि इथल्या मोठ्या कोंबड्याचा डोळा कसा होता, हे आज आपल्याला माहिती आहे.

त्यानंतर आपल्या खुराड्यातल्या किती कोंबड्यांबद्दल एवढं लिहून ठेवलं गेलं? तुमच्या घरी, गावाकडे कोंबड्या असतील तर आज संध्याकाळी त्या खुराड्यात परततील तेव्हा एक मोजदाद कराच. किती आहेत, कुठली कुणाची, कोणता कोंबडा विकायचा नाही. पोराच्या जुन्या वहीची मागची पानं त्यासाठी पुरेशी आहेत.